पाणी कुठं मुरतं

माप घेतलं तर अठरा इंच भरले,
वरच्या फळ्या आणि खालची माती यांत.
बाझील खांद्यांनी रुंद, म्हणून आत मी.
वय एक्कावन्न. या धंद्यात
बारीक असणं हीच पदवी.

वर लिओनीदबाई चालत होत्या.
त्यांच्या सपाता माझ्या कपाळावरून गेल्या,
शेगडीपाशी थांबल्या, परत आल्या.
तिथंच फळी मऊ लागते, म्हणाल्या होत्या,
चहात बुडवलेल्या पावासारखी.
मी खालून तुळईला स्क्रूड्रायव्हर टेकवला.
दाबलाही नाही.
मुठीपर्यंत गेला.

गुलाबी काचलोकर भिजून लोंबत होती,
उंदरांनी तिच्यात तीन पिढ्या वाढवलेल्या.
पाइपांना घाम. मापकावर अठ्ठ्याऐंशी.
पाऊस नव्हता, नळ फुटला नव्हता,
बुक्तूशच्या खाडीला पूरही नव्हता.
फक्त जुलैची दुपार,
समुद्रावरून आलेली ऊबदार, जड हवा,
आठ झरोक्यांतून पाहुण्यासारखी आत यायची
आणि गार दगडाला टेकली
की तिचं पाणी व्हायचं.

लोक विचारतात, पाणी कुठं मुरतंय?
पुष्कळदा मुरत नसतं.
आपणच त्याला दार उघडून
या, बसा म्हटलेलं असतं.

आल्फे, त्यांचा नवरा, दर पंधरा मेला
घराभोवती गुडघ्यांवर फिरायचा,
आठही झरोक्यांची पत्र्याची दारं उघडायचा.
घराला श्वास लागतो, म्हणायचा.
तेव्हा सगळेच म्हणायचे, माझा बापसुद्धा.
नोव्हेंबरात चिंध्या कोंबून बंद.
चव्वेचाळीस वर्षं.
तो गेल्यावर सहा वर्षं बाईंनी तेच केलं,
काठी भिंतीला टेकवून, एकेक झरोका,
मधल्या दोन्हींपाशी दम खात.

हे त्यांना सांगायचं कसं?

आम्ही चार दिवस घेतले.
लोकर ओढून काढली, सत्तावीस पिशव्या.
कुजलेल्या तुळईला नवीन लाकडाची जोड दिली.
मातीवर जाड पांढरं प्लास्टिक, सांध्यावर सांधा फूटभर,
भिंतीवर चढवून वर पट्टीनं घट्ट.
मग दगडाला फोमचे तक्ते,
आणि कडेच्या फटींत फेस, जो फुगताना
पावाच्या पिठासारखा कुजबुजतो.
शेवटी कोपऱ्यात दमटपणा ओढणारं यंत्र,
हौदासकट, नळीसकट.
बाझील बाहेरून सामान सरकवत होता
आणि हॉकीबद्दल बोलत होता,
मला ऐकू येत नव्हतं हे ठाऊक असून.

वर आले. बाईंनी कॉफी ओतली.
मी म्हटलं, हवामान बदललंय,
पूर्वीचा वारा कोरडा असायचा,
आता झरोके बंदच बरे.
खोटं, पण सुबक बसलं होतं.

त्या हसल्या.
म्हणाल्या, पहिल्याच उन्हाळ्यात मी त्याला सांगितलं,
उघडल्यावर वास वाढतो.
दर उन्हाळ्यात सांगितलं.
पालथ्या घड्यावर पाणी.

मग तुम्ही का उघडत राहिलात?

बाईंनी साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.
बराच वेळ त्या खिडकीतून
बाझीलच्या ट्रकवर रचलेल्या पिशव्या बघत होत्या.
मग म्हणाल्या, एक ठेवता येईल का?
पंधरा मेला मी काय करू मग?

माणसांत ओलावा हवा, सगळे म्हणतात.
त्याचं माप घेणारं यंत्र माझ्याकडे नाही,
माझं फक्त खालचं दाखवतं.
सात झरोके मी बाहेरून पत्रा ठोकून बंद केले.
आठवा, जिना उतरताच लागतो तो,
आतून तक्ता लावून पक्का केला,
कडा फेसानं भरल्या,
आणि बाहेरचं ते छोटं दार बिजागरीसकट तसंच राहू दिलं.
बिजागरीला दोन थेंब तेल.

बिलात त्याची ओळ नाही.
बाझीलनं विचारलं, हे कशाला?
म्हटलं, ट्रक चालू कर.